नारळ पीटरने वाहिला

॥ श्री ॥

मस्कत, ९ नोव्हेंबर १९९७

चि. उत्तम यास दादाचे अनेक आशीर्वाद. आईस शि. सा. न., सौ. रेवास आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. आईच्या पायांवर सूज चढली आणि डॉक्टर हृदय थकले म्हणतात, हे वाचून घास गोड लागेना. अर्बाबला, म्हणजे आमच्या अरब मालकाला, सांगितले. तो सूर बंदरातला, त्याचा बाप नाखवा होता. तो म्हणाला की आई आधी, बोट नंतर. उद्याच निघ, पाहुण्यांना मी नाही म्हणून कळवतो.

पाहुणे म्हणजे वसईचे पीटर आणि मटिल्डाबाई. अल् घुब्रात भाड्याने राहतात. वीस वर्षे इथे ऑफिसात काढली, समुद्र पाहिला तो खिडकीतून. डिसेंबरअखेर व्हिसा संपतो, मग कायमचे वसईला. त्याआधी नाताळात पाच दिवस आमची शिडाची बोट भाड्याने घेऊन सूरपर्यंत जाऊन यायचे, असे त्यांनी ठरवले आहे. शीड हाताळणारा इथे मी एकटा, बाकी सगळे इंजिनवाले.

मी त्यांना नकाशावर मार्ग आखून दिला. पहिला मुक्काम बंदर खैरानच्या खाडीत, दुसरा कुरियातला, तिसरा सूर. गोडे पाणी किती, बर्फ किती, भाजी अल मवालेहच्या बाजारातून कोणत्या दिवशी उचलायची, सगळे वहीत उतरवले. पीटर इंग्रजी मासिकातली बोटींची चित्रे कापून आणतात आणि गळ्यातल्या टायला गाठी मारून शिकतात. मटिल्डाबाईंचा एकच सवाल, की संडासाला आतून कडी आहे का. त्यांची लेक नताशा अडखळत्या मराठीत विचारते की वारा पडला तर अंकल उतरून ढकलणार का. बाबांनी शिकवलेले हात इतक्या वर्षांनी कामाला येत आहेत.

काय ते ठरवायला अर्बाबकडून महिन्याची मुदत घेतली आहे. हे पत्र आईला वाचून दाखव आणि विचार, आत्ता येऊ की नाताळ करून? ती म्हणेल तसे.

सर्वांवर आहे तशी माया ठेवा.

तुझा दादा, शांताराम

॥ श्री ॥

तांबळडेग, २० नोव्हेंबर १९९७

ती. दादास उत्तमचा सा. न. वि. वि.

पत्र आईला दोनदा वाचून दाखवले. कडीच्या ठिकाणी ती इतकी हसली की रेवाला पाठ चोळावी लागली. तिचा निरोप असा, की तांडेलाने बोटीवर माणसे घेईन म्हटले की घ्यायची. माझ्या बारशालाही बाबा समुद्रात होते, तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. तू नाताळ करून ये, ती थांबेल.

दर पत्रासारखा रवळनाथाचा अंगारा सोबत आहे. पुडी तिनेच बांधली. निम्मा चादरीवर सांडला. बोटीच्या तोंडाला लाव, उरलेला कपाळाला.

दादा, हे आईचे झाले. मला विचारशील तर तू आत्ताच यावेस. हे वाक्य मी तिला वाचून दाखवलेले नाही.

लहान म्हणून पोटात घाल.

तुझा, उत्तम

॥ श्री ॥

मस्कत, २ डिसेंबर १९९७

चि. उत्तम यास आशीर्वाद. आईस शि. सा. न.

आईचा निरोप वाचून मन हलके झाले. अर्बाबला सांगितले की नाताळ करूनच जातो. तो नुसते खलास म्हणाला, म्हणजे झाले, विषय संपला. २९ तारखेचे तिकीट काढले.

आता तयारी जोरात. मटिल्डाबाईंना डुकराचे लोणचे न्यायचे होते. अर्बाबच्या बोटीवर ते चालायचे नाही म्हटल्यावर दोन दिवस रुसल्या, आता कोंबडीवर आल्या आहेत. कडी मी नवीन बसवली, हे आईला सांग. २२ ला सकाळी निघू, २६ ला परत. निघताना समुद्राला नारळ मीच वाहणार, आईच्या नावाने. कापसाची मऊ साडी घेतली आहे, तिला टोचायची नाही.

तिला वेळेवर गोळ्या द्या. बाकी भेटीत.

तुझा दादा, शांताराम

तांबळडेग, १२ डिसेंबर १९९७

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझे पत्र आज मिळाले. आईच्या खोलीत बसून मोठ्याने वाचले. कडीचेही वाचले.

इकडे आहे तसेच आहे. आईची काळजी करू नकोस, तिला आता त्रास नाही. बोट सांभाळून ने, बाईमाणूस सोबत आहे. खोतांच्या दुकानातला फोन बिघडला आहे, परत आल्यावर कर, आधी नको.

घाईत लिहितो. रागावू नये.

तुझा, उत्तम

मस्कत, २७ डिसेंबर १९९७

चि. उत्तम यास आशीर्वाद.

काल फोनवर तू रडत राहिलास आणि मला बोलता आले नाही, म्हणून लिहितो.

तुझे पत्र मला २२ ला सकाळी धक्क्यावर मिळाले. शिडाचे दोर मोकळे करत होतो, अर्बाबच्या ऑफिसातला मुनीर टपाल घेऊन आला. पाकीट फोडून सवयीने तळहातावर झटकले. पुडी पडली नाही. कागद उलगडला तर माथ्यावर श्री नाही. पुढचे वाचले, पण वाचायची गरज नव्हती. बाबा गेले तेव्हा आत्याला पत्र टाकताना सुतकात श्री घालू नये, हे मीच तुला शिकवले होते. खोटे लिहायला तुझा हात धजला, श्री लिहायला धजला नाही.

तू एकटा खोटे वागला नाहीस. फोन धक्क्यावरच आहे, कार्ड माझ्या खिशात होते. पण ऐकले की सुतक लागते, ऐकलेच नाही तर नाही, असे मनाशी धरून मी पाहुण्यांना बोटीत चढा म्हणालो. पीटरना कळते तर त्यांनी स्वतःच सामान उतरवले असते. तेवढे ठाऊक होते म्हणूनच फोन केला नाही.

नारळ मात्र मला उचलवेना. पीटरना म्हणालो की बोट पाच दिवस तुमची, नारळ तुम्ही वाहा. त्यांना मान वाटला. छातीवर क्रूस करून त्यांनी तो दोन्ही हातांनी पाण्यात सोडला, नताशाने टाळ्या वाजवल्या.

सफर आखल्याप्रमाणे झाली. वारा शेवटपर्यंत आपला होता. मी सगळ्यांच्या फोटोत हसलो आहे. उतरताना मटिल्डाबाईंनी आईसाठी शाल दिली आणि ती कशी आहे विचारले. मी म्हणालो, आहे तशीच आहे.

मग काल फोन केला. आई आठ तारखेलाच गेली, हे तुझ्या तोंडून ऐकले. खोतांचा फोन बिघडला नव्हता, हेही.

उत्तम, अर्बाबने मला अडवले नव्हते. आईला विचार, असे मी लिहिले खरे, पण त्याआधी पानभर बोटच होती. तांडेलाच्या बायकोने ते ऐकून दुसरे काय सांगायचे? मला तेच ऐकायचे होते. तुझ्या एका वाक्याला तर मी उत्तरच दिले नाही.

आईबापाचे सुतक मुलाला ऐकल्यापासून दहा दिवस. कालपासून धरले आहे, खोलीत बसून आहे. साडी आणि शाल समोर आहेत. तिकीट परत केले. तू ये म्हणालास तर फिटल्यावर येईन.

एकच विचारतो. शेवटी तिने माझे नाव घेतले का? वाट पाहिली का? असेल ते लिही, मला बरे वाटावे म्हणून लिहू नकोस. तुझे सुतक आता फिटले आहे. माथ्यावर श्री घाल आणि त्याखाली लिही. त्याच्याखाली तू खोटे लिहिणार नाहीस, एवढे मला माहीत आहे.

उरलो आहोत ते दोघेच, लोभ तुटू देऊ नकोस.

तुझा दादा, शांताराम