सासूबाईंना प्रभुभोजन मिळण्याबाबत

प्रति,
मा. वसाहत अधिकारी (निवास व प्रवेश),
प्रकल्प वसाहत कार्यालय.

विषय: अंथरुणाला खिळलेल्या माझ्या सासूबाईंसाठी आमच्या पाळकांना येत्या रविवारी तासभर वसाहतीत येऊ देण्याबाबत, ते शक्य नसल्यास शेवटच्या परिच्छेदातील विनंती मान्य होण्याबाबत.

संदर्भ: (१) ‘विनापरवाना जमाव’ या विषयावरचे आपले समजपत्र.
(२) माझ्या पास-अर्जावरील शेरा: ‘नातेसंबंध नाही. शिवाय क्वार्टरची चौकशी चालू. नामंजूर.’

महोदय,

१. मी आपल्या टर्बाइन विभागातील एका जोडाऱ्याची (फिटरची) पत्नी. मागच्या रांगेत तळमजल्यावर यजमान, सासूबाई आणि दोन लहान मुलांसह राहते. आम्ही ख्रिस्ती आहोत. वसाहतीत दुसरे ख्रिस्ती घर नाही आणि आमचे चर्च मोटारीने दिवसभराच्या वाटेवर आहे. यजमानांची बदली झाली तेव्हा निरोप देताना पाळक म्हणाले होते, “रविवार चुकवू नका. कुणी नसलं तरी उपासना पूर्ण करा.” ती आम्ही पूर्ण करतो. यजमानांची बहुधा रविवारी पाळी असते, म्हणून गीत मीच धरते, शास्त्रपाठ मीच वाचते. स्तोत्र म्हणताना एक ओळ पाळकांची असते आणि पुढची मंडळीची. पाळकांची ओळ मी जरा जाड आवाजात म्हणते, मंडळीची नेहमीच्या. सासूबाई खाटेवरून म्हणतात, “सूनबाई, ओळी म्हण हवं तर, पण उपदेशही तूच करणार असशील तर मी आपली भिंतीकडे तोंड करते.” एवढी आमची उपासना.

२. आता खुर्च्यांविषयी. माझी थोरली पाच वर्षांची आहे. इथे आल्यावर पहिल्याच रविवारी ती रडू लागली, की आपल्या चर्चमधले सगळे कुठे गेले? तिची समजूत काढायची म्हणून मी सभागृहाच्या पहारेकऱ्यांना विचारून अकरा खुर्च्या आणल्या आणि तिला म्हटले, तूच बसव सगळ्यांना. तिने बसवले. पेटी वाजवणारे मास्तर इथे, प्रार्थना लांबवणारे मामा दाराजवळ (म्हणजे कंटाळा आला तर त्यांनाच बाहेर पाठवता येईल), सारख्या खोकणाऱ्या आजी खिडकीपाशी. खुर्च्या रिकाम्या होत्या, महोदय. दर रविवारी रिकाम्याच असतात. उपासना संपली की मी त्या स्वतः पुसून परत नेऊन ठेवते.

३. वरच्या मजल्यावरच्या स्टोअरकीपरकाकांना खुर्च्या आत जाताना दिसल्या आणि मागाहून जाड-बारीक आवाज ऐकू आले. एक माणूस काही सांगतो आणि बाकीचे होकार भरतात, असे त्यांना वाटले. त्यांच्यावर माझा राग नाही. सासूबाईंना धाप लागली तेव्हा मध्येच जेवण टाकून दवाखान्यात धावले ते हेच काका. पण त्यांच्या तोंडी तक्रारीवरून आपले समजपत्र आले आणि त्यात विचारले होते, “सदर खुर्च्यांवर कोण कोण होते?” मी भोळेपणाने खरे तेच कळवले, की कुठली खुर्ची कुणाची. उत्तर लिहिताना धाकट्याला मांडीवर घेतले होते, त्यामुळे ‘हे सर्व मनाने हजर असतात’ हे वाक्य लिहायचे राहून गेले. चूक माझी आहे.

४. परंतु त्या उत्तरावरून आपल्या कार्यालयाने अकरा परके इसम विनानोंद आत शिरल्याचे धरले. फाटकावरच्या हवालदारदादांना खुलासा मागितला गेला, की एवढी माणसे आली कशी? ते बिचारे माझ्या दारात येऊन म्हणाले, “वहिनी, मला निदान सांगा तरी, मी कुठे बघत होतो?” पुढे मास्तर, मामा, आजी अशा प्रत्येकाचा सध्याचा पत्ता कळवावा, असे दुसरे पत्र आले. त्यांतली एक खुर्ची माझ्या सासऱ्यांची आहे. ते जाऊन चार वर्षे झाली. त्यांचा सध्याचा पत्ता आम्हां ख्रिस्ती लोकांना ठाऊक आहे, मात्र आपल्या रकान्यात तो कसा भरावा हे कळत नाही. कृपया मार्गदर्शन व्हावे.

५. हे सगळे मी हसत हसत सहन केले असते. पण आता सासूबाईंचे दुखणे वाढले आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, “त्यांना जे हवं ते द्या, थांबू नका.” त्यांची चिठ्ठी सोबत टाचली आहे. सासूबाईंना हवे आहे फक्त प्रभुभोजन. प्रार्थना करून पाळक भाकर मोडतात, एकेक तुकडा देतात, द्राक्षारसाचा प्याला देतात, त्यालाच आम्ही प्रभुभोजन म्हणतो. लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंनी ते कधी चुकवले नव्हते. बाळंतपणात पाळक घरी येऊन देऊन गेले होते. इथे आल्यापासून त्यांच्या ओठाला ते लागलेले नाही.

६. गाणे, वाचणे, प्रार्थना हे सारे मी करू शकते. भाकर मोडणे मला करता येत नाही. आमच्या मंडळीत ते काम पाळकांचेच. गेल्या आठवड्यात सासूबाईंची तगमग बघवेना, म्हणून मी पावाचा तुकडा आणि वाटीभर द्राक्षाचा रस घेऊन खाटेपाशी गेले. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मग माझ्याच गालावरून हात फिरवून म्हणाल्या, “हे तुझं काम नाही, लेकी. मी थांबते ना.” महोदय, त्या थांबायला तयार आहेत. त्यांचे शरीर तयार नाही.

७. म्हणून मी पासासाठी अर्ज केला. पाळक आमचे कोण लागतात, असा प्रश्न आला. त्यांनी आमचे लग्न लावले, थोरलीच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचे पाणी घातले, सासऱ्यांना माती दिली. एवढे करणाऱ्या माणसाला काय म्हणतात, ते नाते छापील अर्जात नव्हते. खिडकीवरचे भाऊसाहेब कळवळून म्हणाले, “वहिनी, चुलत दीर लिहा आणि मोकळ्या व्हा. कोण बघायला बसलंय?” मी कागद घरी आणला. सासूबाईंना सांगितले, तर त्या उशीवरून उठूनच बसल्या. “खोटं नातं सांगून आत आलेल्या हातून मी घेणार नाही. आणि एवढा म्हातारा चुलत दीर शोभतो का तुला?” दोघी हसलो, मग त्यांना धाप लागली. मी ‘नातेसंबंध नाही’ असेच लिहिले. पुढचे आपणास माहीत आहे.

८. (इथून शाई निराळी दिसेल. धाकटा उठला होता.) चौकशी पुरी होईपर्यंत पास मिळणार नाही आणि अकरा पत्ते मिळेपर्यंत चौकशी पुरी होणार नाही, असे मला आज कार्यालयात सांगण्यात आले. मी वाद घालत नाही. नियम आपल्यालाही वरून आलेला असेल. गाडीतून सासूबाईंना चर्चपर्यंत नेण्यास डॉक्टरीणबाईंची साफ मनाई आहे. मात्र चाकांच्या खाटेवरून फाटकापर्यंत नेता येईल, रस्ता सपाट आहे, असे त्या म्हणाल्या. खाट द्यायला त्या तयार आहेत, ढकलायला स्टोअरकीपरकाका.

९. सबब पास देता येत नसेल तर निदान एवढे व्हावे. रविवारी सकाळी पाळक फाटकाच्या दांड्यापलीकडे उभे राहतील. सासूबाईंची खाट दांड्याच्या अलीकडे राहील. पाळक आत पाऊल टाकणार नाहीत, आम्ही बाहेर टाकणार नाही, त्यामुळे पासाचा आणि नात्याचा प्रश्न येऊ नये. आम्ही गाणार नाही. पाळकांचे हात तेवढे दांड्यावरून आत येतील, त्याची परवानगी असावी. बाहेरचा खाद्यपदार्थ फाटकावर तपासतात आणि पाव असेल तर आत काही लपवले आहे का, म्हणून तो मोडून बघतात, हे मला माहीत आहे. आमची भाकरही खुशाल तपासावी. हातात घ्यावी, उजेडात धरावी, हवा तर वास घ्यावा. फक्त हवालदारदादांना आपल्या सहीने लेखी कळवावे, की ती मोडू नये. ती पाळकांनी मोडायची आहे, आणि सासूबाईंना ती मोडताना बघायची आहे.

उत्तर शनिवारपर्यंत मिळावे, ही हात जोडून विनंती.

आपल्या सहीची वाट पाहणारी,
(सही)
जोडाऱ्याची पत्नी, मागची रांग, तळमजला
शुक्रवार, दुपार