केळ्याचा वास

१२ मे
विद्यापीठाच्या उन्हाळी विज्ञान शिबिरात पोहोचले. कारंज्याहून निघताना बाबा एसटीच्या खिडकीशी उभे राहिले. गेल्या वर्षी याच शिबिरात माझा भाऊ जंगलूदादा होता. पाण्याच्या टाकीवरून पडून गेला. दारू प्यायला होता, असं आम्हाला कळवलं गेलं. तरीही मी आनंदात आले आहे. दादा फोनवर सांगायचा, गंगे, इथली सूक्ष्मदर्शकं पाहशील तर घर विसरशील. खरंच आहे. खोलीत कूलर आहे आणि शेजारच्या पलंगावर हिंगणघाटची पिंकी. ती झोपेतसुद्धा हसते.

१४ मे
आज प्रयोगशाळेत एस्टर बनवलं. दोन उग्र द्रव, थोडं आम्ल, थोडी ऊब, आणि एकदम पिकलेल्या केळ्याचा वास. पिंकीला शिकरण आठवलं. शिबिरप्रमुख प्रभाकरराव सर फार छान शिकवतात. म्हणाले, मधमाशी डंख मारते तेव्हा हाच वास सोडते, आणि त्या वासावर बाकीच्या साऱ्या तुटून पडतात. टाकीखाली या वर्षीही आग्या मोहोळ लोंबतंय, ते त्यांनी खिडकीतून दाखवलं. समारोपाचं आभाराचं भाषण माझ्याकडे दिलं.

१६ मे
खानावळीतल्या कुंताबाईंनी मला नाकाडोळ्यांवरून ओळखलं. पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "सरानं मोहोळ काढाले टाकीवर चढ म्हटलं, पोरगं नाई म्हणत होतं वो. धुराबिगर मोहोळाले हात लावत नाई म्हणे. सर म्हणे, धुरानं व्हिडिओ खराब होते. तुमी जंगलातले लोक तं चढताच."
दारूचं विचारलं तेव्हा त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "कायची दारू, बाप्पा. माह्या हातचा चहा पिऊन गेलता."

१७ मे
दादाला टाकीवर कुणी चढवलं, हे सरांना सगळ्यांसमोर विचारलं. ते रागावलेसुद्धा नाहीत. मोहाच्या दारूची सवय घरातूनच लागते, असं म्हणाले आणि फळ्याकडे वळले.
एक मुलगा त्यांनी वर चढवला, मारला, आणि वरून त्याच्या साऱ्या घराला दारूचा वास लावून दिला. माझा बाप वर्षभर मान खाली घालून बाजाराला जातो आहे. क्षमा करणं मोठेपणाचं असतं म्हणतात. ज्यांचं कुणी मेलं नाही त्यांनी करावी.
वासच हवा ना, सर? देते.

१९ मे
एस्टरची बाटली उशीखाली आहे. हातांचा वास जात नाही. साबण, राख, लिंबू, काहीच—
आज मोहोळ आमच्या खिडकीला लोंबतंय. पिंकी म्हणते, वेडी का, ते तर टाकीखालीच आहे.
याला खांदे आहेत.

२० मे, सकाळ
सरांचा अ‍ॅप्रन भिजवला. कॉलर, खिसे. आज समारोपाच्या पाहुण्यांना टाकी दाखवताना तोच घालतील. दादा, आता तू—

२० मे
चुकलं. फोटोसाठी सरांनी तो अ‍ॅप्रन पिंकीला घातला. तिला टाकीखाली उभं केलं. मोहोळ सुटलं— मी अ‍ॅप्रन ओढला, पळाले. पिंकीच्या गालावर एकच डंख. बाकी सगळ्या माझ्या मागे.
प्रयोगशाळेत आहे. कडी लावली. खिडकीच्या काचेवर माशाच माशा, उजेड उरला नाही. गुणगुण नाही ही. दादाचा आवाज—
गंगे, मले आत घे.

आतल्या दारावर सर. पाहुणे आलेत, तमाशा नको, दार उघड, म्हणताहेत. मी विचारलं, दादा नाही म्हणाला होता, हे पाहुण्यांना सांगाल?
म्हणाले, तो प्यायलेला होता.

खिशातल्या बाटलीत अजून आहे. अंगावर ओतली.
आधी खिडकी उघडते. मग कडी.
या, सर. दारूचा वास येतोय का, जवळ येऊन बघा—