रिव्हर्स न येणाऱ्याची ट्रॅक्टरखरेदी

ती. ताईस,

तुझ्या एकुलत्या एका भावाचा खाली वाकून नमस्कार (म्हणजे कंबर परवानगी देते तेवढंच वाकून). तुझं पत्र पोचलं. गुडघा जिना चढताना कुरकुरतो पण उतरताना गप्प असतो हे वाचून बरं वाटलं, निम्मं दुखणं तरी गेलं म्हणायचं. भाऊजी गेल्यापासून एका कपाचा चहा करायला जमत नाही, दूध जास्तच पडतं, असं तू लिहिलंयस. ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि पत्र घडी घालून खिशात ठेवलं. त्यावर काय लिहावं ते सुचेना, म्हणून ट्रॅक्टरबद्दल लिहितो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मी, तुझी भावजय आणि चौदा गाई.

पत्रास कारण असं की घरात नवा ट्रॅक्टर घ्यायचं चाललंय, पुढे लोडरचे, म्हणजे ओझं उचलणारे, हात असलेला, आणि त्याच्यासोबत गवत कापायचं यंत्र. अशा मोठ्या कामात वडीलधाऱ्या माणसाला विचारावं म्हणून तुझा सल्ला मागतोय. (तू माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी आहेस, पण ट्रॅक्टरच्या बाबतीत वीस वर्षांनी.)

याला सुरुवात माझ्या पाठीने केली. गेल्या थंडीत वाळल्या गवताचा गठ्ठा उचलताना पाठीत असा काही कडाका वाजला की गोठ्यातल्या सगळ्या गाईंनी एकदम मान वर केली. त्यानंतर मी अकरा दिवस आढ्याकडे बघत पडून होतो. दूध, शेण, चारा, सगळं तुझी भावजय एकटी करत होती. बाराव्या दिवशी मी भिंत धरून उभा राहिलो, तर ती हात पुसत आत आली आणि म्हणाली, "एक तर लोडर येईल, नाहीतर गाई जातील. तुम्हीच ठरवा." तिचा आवाज चढला असता तर मी वाद घातला असता. पण ती ते अगदी हळू म्हणाली, आणि तिची बोटं थंडीने फुटलेली होती. मी म्हटलं, लोडर येईल.

आता तू हसायला लागली असशील. माझ्या तोंडचं पाणी का पळालं हे जगात फक्त तुलाच ठाऊक आहे. लोडरचं निम्मं काम मागे जाण्याचं असतं, ताई. पुढे जा, उचल, मागे ये, वळ, पुढे जा, ठेव, परत मागे ये. आणि मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षीही रिव्हर्स येत नाही.

तुला तो दिवस आठवतो का? मला रोज आठवतो. कापणी संपली होती, हाताला, कपड्यांना, जेवणालासुद्धा गवताचा वास येत होता, आणि बाबांनी तुला सांगितलं, ट्रॉली शेडमध्ये मागून घाल. तू सतरा वर्षांची. वेणी पाठीवर टाकलीस, एक हात चाकावर, मान मागे, आणि ती भरलेली ट्रॉली अशी आत नेलीस की दोन्ही बाजूंना चार-चार बोटांची जागा उरली. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. (त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक कुणाला मिळाल्याचं मला आठवत नाही.) मग माझी पाळी. "शेपूट जिकडे न्यायचं, त्याच्या उलट तोंड फिरव," एवढंच ते म्हणाले. हे वाक्य मला पाठ होतं, आजही आहे. पण मान मागे वळली की माझे दोन हात एकमेकांशी भांडायला लागतात. ट्रॉली डावीकडे जाईना म्हणून मी आणखी उजवीकडे फिरवलं, मग घाबरून डावीकडे, आणि कोंबड्यांच्या खुराड्याची आख्खी भिंत घेऊन थांबलो. कोंबड्या बाहेर आल्या, आई बाहेर आली, आणि तांबड्या (आपल्या ट्रॅक्टरला तू ठेवलेलं नाव) तिथेच बंद पडला. तू हसली नाहीस. सगळ्यात जास्त लागलं ते तेच.

बाबा मला रागावले नाहीत. फक्त पुढच्या आठवड्यात त्यांनी शेडच्या मागच्या भिंतीला पहार लावली. आईने विचारलं तर म्हणाले, हवा येत नाही. तीन दिवस घाम गाळून त्यांनी तिथे दुसरं दार केलं, ट्रॉलीसकट ट्रॅक्टर जाईल एवढं. तेव्हापासून मी पुढच्या दाराने आत जातो आणि मागच्या दाराने बाहेर पडतो. ते दार माझ्यासाठी होतं हे मला कळायला बरीच वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा बाबांना सांगायची सोय उरली नव्हती. पुढे मी गोठा बांधला तो दोन दारांचा, कुरणाला फाटकं केली तीही दोन-दोन. तुझ्या भावजयीने लग्नानंतर विचारलं होतं, तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला दोन दारं का? मी म्हटलं, आमच्या घरात हवेची फार आवड आहे.

तर असा मी, गेल्या मंगळवारी तुझ्या भावजयीबरोबर यंत्रांच्या दुकानात गेलो. दुकान कसलं, मोठं पटांगणच. एका बाजूला ट्रॅक्टर रांगेने उभे, दुसऱ्या बाजूला गवत कापायची यंत्रं, मधे काचेचं ऑफिस. आपल्या वेळी गवत कापायचं यंत्र म्हणजे तांबड्याच्या कुशीतून बाहेर आलेली ती लांब दातेरी पट्टी, जिचे दात बाबा दर दुपारी झाडाखाली बसून कानशीने घासायचे, आणि तो कर्रकर्र आवाज ऐकत आपण झोपायचो. आता तीन-तीन प्रकार. एक फिरत्या तबकड्यांचं, एक दोन जाड ड्रमचं, आणि एक झोडपणारं, जे गवताचा इतका भुगा करतं की गाईने ते चमच्याने खावं. विक्रेता गळ्यात टाय बांधलेला, उत्साही माणूस होता. मी तबकड्यांच्या यंत्रापाशी रेंगाळलो, कारण त्याचा रंग छान होता. तुझ्या भावजयीने टायवाल्याला विचारलं, "ओढ्याकाठी दगड आहेत. दगड लागला तर काय होतं?" टायवाला म्हणाला तबकड्यांच्यात एक भाग तुटतो, तो बदलता येतो. "आणि ड्रमच्यात?" तो म्हणाला, ड्रमच्यात बहुतेक वेळा दगडालाच लागतं. ती ड्रमच्या यंत्रापाशी गेली, त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली, आणि माझ्या रंगाचा विषय तिथेच मिटला.

मग लोडर. टायवाल्याने एक मधल्या ताकदीचा, निळा ट्रॅक्टर पुढे आणला. चाकाच्या शेजारी बोटाएवढा दांडा, पुढे ढकलला की पुढे, मागे ओढला की मागे. "क्लच दाबायला नको की काही नको," तो म्हणाला, "रिव्हर्स तर कुणालाही जमतो." कुणालाही! माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पटांगणात लाकडी फळीवर पशुखाद्याची चार पोती रचून ठेवली होती. ती उचला, मागे या, वळा आणि पलीकडे ठेवा, म्हणजे यंत्र कळेल, असं त्याने सुचवलं. तुझी भावजय बाकावर कागदी कपातला चहा घेऊन बसली होती आणि माझ्याचकडे बघत होती.

उचलण्यापर्यंत सगळं झकास झालं. पोती अशी अलगद वर गेली की माझी पाठ आपोआप सुखावली. आता मागे यायचं. मी त्या बोटभर दांड्याकडे बघितलं, दांड्याने माझ्याकडे बघितलं. समोर काचेचं ऑफिस. उजवीकडे मात्र मागचं फाटक उघडं दिसलं, आणि उघडं फाटक दिसलं की माझे हात विचार करत नाहीत. मी चाक पूर्ण उजवीकडे फिरवलं, ऑफिसच्या काचेला वीतभर अंतर ठेवून वळलो, आणि चार पोती हवेत धरून रस्त्यावर आलो.

पुढचं काय सांगू! शाळा गेली, केशकर्तनालय गेलं (एका गिऱ्हाइकाने अर्ध्या दाढीने बाहेर येऊन पाहिलं), पेट्रोल पंप गेला. बसथांब्यावरच्या एका आजींनी हात केला, त्यांना वाटलं थांबेन. चौकातल्या पोलिसाने बाकीची वाहनं थांबवून मला आधी सोडलं, कारण असा माणूस लवकर जावा असं त्यालाही वाटलं असावं. पोत्यांवर टायवाल्याचा जेवणाचा डबा आणि फोन होता हे मला तेव्हाच कळलं, कारण फोन वाजायला लागला आणि चार वळणं होईपर्यंत वाजत राहिला. सगळ्या पेठेला वळसा घालून मी पुढच्या फाटकाने आत आलो आणि पोती जिथे सांगितली होती तिथे, सरळ, न हलवता ठेवली. टायवाला धापा टाकत उभा होता. मी उतरलो. तो माझा हात हातात घेऊन म्हणाला, "साहेब, एवढी कसून चाचणी आजवर कुणी घेतली नाही." मी गंभीरपणे मान हलवली आणि म्हटलं, वळणावर जरा बरा वाटला. तुझी भावजय चहा पीत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही, पण कप मात्र हलत होता.

तेव्हा ताई, तुझा सल्ला हवा तो असा: ट्रॅक्टर निळाच घ्यावा की दुसरीकडेही बघावं? ड्रमचं यंत्र जड आहे, कुरण चढाचं आहे. नीट विचार करून, सवडीने कळव. गुडघ्याला तेल लाव. उत्तर लांबलचक लिही, तुझी पत्रं आम्ही दोघं वाचतो.

तुझा,
धाकटा

ता. क. सल्ल्याची फार घाई करू नकोस. निळा ट्रॅक्टर आणि ड्रमचं यंत्र, दोन्ही परवाच ठरवून आलो. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला येतील.

ता. क. २. आता खरं ते लिहितो. ट्रॅक्टर यायच्या आत तू आठ दिवस इकडे ये आणि मला रिव्हर्स शिकव. खालच्या कुरणात शिकवलंस तर घरातून दिसत नाही. चौतीस वर्षं हिच्यापासून लपवलंय, आता या वयात अब्रू जायला नको. तू बाबांसारखं एका वाक्यात शिकवू नकोस, आणि मी चुकलो तर या वेळी हसलीस तरी चालेल.

ता. क. ३ (हे मी लिहितेय). ताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय. लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात मामंजींनी मला ट्रॉली मागे घ्यायला शिकवली, हे बाजाराला गेले की. "त्याला कळू देऊ नकोस," एवढंच म्हणाले. हे रोज ट्रॉली वाकडी सोडून येतात, सकाळी ती सरळ उभी असते. यांना वाटतं उताराने सरकते. तेव्हा लोडर मी चालवेन, त्याची काळजी नको. पण तुम्ही या, आणि यांना शिकवाच. फक्त जरा सावकाश शिकवा. आठ दिवसांत आलं, तर तुम्ही परत जाल.