फोनला तेल घातल्याबद्दल

प्रिय मेहुणेबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. तुमची सर्दी आता ओसरली असेल असं धरून चालतो. तुमची ताई तिकडे मजेत आहे, हे तिच्या आवाजाच्या पट्टीवरून कळलं. मीही ठणठणीत आहे. (तिने विचारलं तर एवढंच सांगा.)

तर झालं असं. कपाटात रुमालात गुंडाळलेला तिचा जुना फोन रविवारी दुपारी माझ्या हाती लागला. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाची बोटं बंद वस्तू दिसली की शिवशिवतात. (तुमचं भिंतीवरचं घड्याळ अजून माझ्याच ट्रंकेत आहे, हे मी विसरलेलो नाही.) केस वाळवायच्या यंत्राने कडा गरम करून काच उचलली, पांढरं फडकं अंथरलं, स्क्रू काढले तसे ओळीने वाट्यांखाली झाकले. आत पाहतो तर सगळा चपट्या पट्ट्यांचा कारभार! फिरणारं म्हणून काही नाही. मला त्या यंत्राची कीवच आली. शेवटी कोपऱ्यात तांदळाएवढी मोटर सापडली, टोकाला एका बाजूने जड वजन. फोन थरथरतो तो हिच्यामुळे. एवढ्या पसाऱ्यात एक जीव तरी फिरतो, या आनंदात हाताने सवयीने तेलाचा थेंब सोडला. मग आणखी एक. तेल सगळीकडे पसरलं. फोन जोडला, चालतोय का ते कानाला लावून ऐकलं. चालत नव्हता.

तेव्हा आठवलं, ती तो दर शुक्रवारी चार्ज का करते. त्यात तुमच्या आईंचा आवाज रेकॉर्ड केलेला आहे. त्या गेल्यापासून ती तो ऐकत बसते. माझ्या दुकानाशेजारच्या गाळ्यातल्या मोबाईलवालीकडे धावलो. तिने फोनचा वास घेतला आणि "काका, हा काय दरवाजा आहे?" एवढंच म्हणाली.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.

तुमच्या ताईचे यजमान

ता. क. – मोबाईलवालीला आठ दिवस हवेत. तोवर ताईला ठेवून घ्या. गुडघा दुखतोय म्हणा, पाठ म्हणा, जमेल ते म्हणा.

ता. क. २ – पत्र टाकायचं धैर्य होईना, तीन दिवस खिशातच राहिलं. आज फोन सुरू झाला, आवाज सगळे शाबूत. खात्री म्हणून एक ऐकला. आई ताईला सांगताहेत, "जावईबापूंना हा फोन दाखवू नकोस गं, उघडून बसतील. आणि उघडलाच तर रागावू नकोस, माणूस वाईट नाही." मी फोन पुसून पुन्हा त्याच रुमालात गुंडाळला. ताईला लगेच पाठवा. फोन उघडल्याचं मी स्वतः सांगेन. तेलाचं मात्र तुम्हीही बोलू नका.