उंबऱ्यावरची फट

बनशंकरी, बंगळूर
३ जानेवारी १९९६

प्रिय श्रीरंग,

तुझं पत्र मिळालं. संक्रांतीआधीच्या शनिवारी येतोयस आणि निहारला कायमचा पुण्याला घेऊन जातोयस. मला विचारलेलं नाहीस, नुसतं कळवलंयस. ‘त्या भोकांच्या घरात माझा मुलगा धापा टाकत राहणार नाही’, या वाक्याखाली तर रेघ मारलीयस. अरे वा! दिवाळीत दोन दिवस राहिलास, कानाला मफलर गुंडाळून बसलास आणि घराची परीक्षा घेऊन मोकळा झालास. तू नोकरी बदलून पुण्याला गेलास आणि मी माझी सोडली नाही, याचा राग तू घरावर काढतोयस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. पण भोकं होती, हे खरं. म्हणून ती मी बुजवली.

वर राहणाऱ्या घरमालकीण गोजराबाई तुला आठवतच असतील. त्यांचा चहा फार गोड आहे असं तू तोंडावर म्हणालास, ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. त्यांचं मराठा घराणं इथे किती पिढ्यांपासून आहे ते त्यांनाही धड सांगता येत नाही, बोलताना निम्मं कानडी येतं. घर देतानाच त्यांनी बजावलं होतं की चौकटीला खिळा मारायचा नाही. चौकट पूजा करून बसवलीय, भाडेकरूने तिला भोकं पाडायची नाहीत. बरं बाई, म्हटलं. म्हणजे जे काय करायचं ते दाराच्या फळीलाच.

एका रविवारी उदबत्ती पेटवली आणि दाराच्या कडेकडेने फिरवत गेले. धूर जिथे थरथरला तिथे निहारने खडूने फुली मारली. गोजराबाई जिन्यातून बघत होत्या. त्यांना वाटलं मी घराची दृष्ट काढतेय, मिरच्या आणून देऊ का म्हणाल्या. मागच्या दाराला बिजागरीपाशी करंगळी जाईल एवढी फट, आणि पुढच्याचं तर विचारूच नकोस, खालून झुरळं चपला घालून आत येतील अशी.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात पंपांचे रबरी वायसर होतात. ‘काय वायसरवाल्या बाई’ म्हणून तू मला चिडवायचास, आठवतं? तिथूनच साहेबांना विचारून कापून उरलेल्या पट्ट्या आणल्या. गुरुवारी संध्याकाळी दारांच्या कडांना त्या चिकटवल्या आणि पुढच्या दाराला खालून एक लांब पट्टी स्क्रूने बसवली. माझी मी. हाताला फोड आले ते आले. त्या रात्री घरात वारा म्हणून नाही. मी स्वतःवर इतकी खूश झाले की काय सांगू!

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शुक्रवारी आमच्याही उंबऱ्याला हळदकुंकू गोजराबाईच लावतात, भाडेकरू कितीही असोत, घराची लक्ष्मी एकच म्हणून. त्या फुलं वाहून जरा बाजूला झाल्या, मी कामावर निघायला दार उघडलं आणि माझ्या पट्टीने हळद, कुंकू, फुलं, सगळं पुसत आत ओढलं. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. चपलेचं रबर लक्ष्मीवरून फिरवलंस काय गं, म्हणाल्या. पट्टी काढ, नाहीतर घर सोड. मला रडूच फुटलं, पण रडतारडता भांडले. अक्का, म्हटलं, लक्ष्मी तुमची, पण छाती माझ्या पोराची भरते, वर तुम्हाला ऐकू येत नाही का? त्या तबक उचलून वर गेल्या. मला वाटलं, झालं, आता सामान बांधा.

संध्याकाळी त्या खाली आल्या त्या एक जुनं लुगडं घेऊन. ते फाडलं, शिवलं, आत वाळू आणि नाचणीचा कोंडा भरला आणि दाराएवढी लांब उशी करून आतून फटीला टेकवली. उंबऱ्यावर काही नको, उंबऱ्याच्या आत काय हवं ते कर, म्हणाल्या. स्वल्प जड आहे, पण वाऱ्याच्या बापाला हलायची नाही. खालची पट्टी मी काढून टाकली. कडांच्या पट्ट्यांबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत.

आता तुला वाटेल, उल्का पुढे सांगणार की निहार बरा झाला. नाही झाला. परवाच त्याची छाती पुन्हा भरली. दारं घट्ट, फट एक नाही आणि तरी पोरगं उठून बसून श्वास ओढत होतं. डॉक्टर म्हणतात, वाढत्या वयात कमी होईल, औषध चुकवू नका. हे मला लपवता आलं असतं. लपवत नाही, कारण दारं बुजली म्हणून तो बरा झाला असं सांगितलं, तर मग एकेका खोकल्याला तू त्याला न्यायला बॅग भरून येशील. अरे, सुट्टीत आम्ही पुण्याला तुझ्याकडे राहायला आलो होतो, तेव्हाही त्याला हेच व्हायचं. तुझी झोपमोड नको म्हणून मी त्याला घेऊन स्वयंपाकघरात बसायचे, तुला कुठून कळणार? तेव्हा दारं नीट झाली म्हणून निहार माझ्याकडे राहणार, असं मी म्हणतच नाही. उद्या सगळ्या पट्ट्या निघाल्या तरी तो इथेच राहणार. तू जरूर ये, त्याला तू फार आवडतोस, रोज विचारतो. पण परतीचं तिकीट तुझ्या एकट्याचंच काढ.

निहारची आई,
उल्का