दोघांचं बाकडं

मालवण, नोव्हेंबर १९८९

प्रिय सत्यवती,

तुला वाचता येत नाही, आणि धामापुराला पत्र गेलं की तुझा भाऊ ते पडवीत बसून मोठ्याने वाचणार. माझा एड्स तू माहेरी लपवला आहेस. म्हणून हे पत्र माझ्या पेटीतच राहील.

तुझी तपासणी चांगली आली, त्यातच मला देव पावला.

गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून विचारलं, "इथे काय बदलायला हवं, ते तुम्हीच सांगा." पेशंटाला असं कोण विचारतं? सांगण्यासारखं पुष्कळ होतं. केसपेपरावरची लाल शाई, दारातून ओरडून आजाराचं नाव घेणं. पण तोंडातून निघालं, "बाई, माका बाकडा व्हया. दोघांचा."

आमच्यासारख्या पेशंटांसाठी जिन्याखाली एकच स्टूल असायचं ना? तू माझ्याबरोबर आलीस त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून तीन तास उभी होतीस. पुढच्या आठवड्यात माहेरी गेलीस. बसायला मिळालं असतं तर गेली नसतीस, असं मी वेड्यासारखं धरून बसलोय.

आज बाकडं आलं. लाल शाईही गेली. मी एका टोकाला बसलो. तेवढ्यात रेडीहून आलेला एक म्हातारा पेशंट म्हणाला, "हंय बसू काय रे?"

वर्षभरात माझ्या शेजारी बसायला कोणी मागितलं नव्हतं.

मी रिकाम्या जागेवर हात ठेवला.

"नको हां. माझी बायल येतली."

तुझाच,
वासुदेव