दाढेच्या बदल्यात माफी

३ मार्च, सोमवार

राष्ट्राध्यक्षांची अक्कलदाढ काढली! मी! दाढ मुळासकट आली. साहेबांना कळलंसुद्धा नाही. बधिर गाल सांभाळत म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला काहीतरी दिलंच पाहिजे." मी म्हटलं, फी दिलीत तरी पुष्कळ. सगळे हसले. फी दिली नाही.

अक्कलदाढ गेल्यावर साहेबांच्यात काही फरक जाणवला नाही.

६ मार्च, गुरुवार

सकाळी पेपर उघडला आणि चहा नाकात गेला. साहेबांनी चौघांना माफी दिली — "संपूर्ण, बिनशर्त, आजवरच्या सर्व गुन्ह्यांसाठी". पहिला त्यांचा भाचा, ज्याने बांधलेला पूल उद्घाटनाच्या फितीसकट नदीत गेला. दुसरे त्यांचे व्याही, ज्यांनी सरकारी गोदामं धुऊन नेली. तिसरा त्यांचा टेनिसमधला जोडीदार. आणि चौथा मी! फोटोसकट!

अरे, पण मी केलंय काय? आयुष्यात कधी बिनतिकीट बसमध्ये चढलो नाही!

हिने बातमी दोनदा वाचली, पेपरची घडी घातली आणि म्हणाली, "कोण आहे ती?"

आई म्हणाली, "मला वाटलंच होतं." काय वाटलं होतं, ते काही सांगेना.

७ मार्च, शुक्रवार

साहेबांच्या सचिवाला फोन लावला. तो म्हणतो, "अहो, तुम्हाला पदकच द्यायचं होतं. पण पदकं संपलीत. माफ्या भरपूर आहेत." मी म्हटलं, परत घ्या. म्हणाला, "घेतो की! आधी गुन्हा सिद्ध करून आणा."

हिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. म्हणाली, "खोटं बोलायलासुद्धा अक्कल लागते हो." बॅग भरली आणि भावाकडे निघून गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! माझी बायकोच माझ्यावर विश्वास ठेवत नसेल, तर ती माफी काय चाटायची आहे?

८ मार्च, शनिवार

ही फोन घेत नाही. मेहुणा घेतो आणि विचारतो, "कोण, गुन्हेगार का?"

१० मार्च, सोमवार

दवाखाना गच्च! पण दात दाखवायला एकही नाही. प्रत्येकाचं कोणी ना कोणी तुरुंगात. "साहेबांच्या कानावर घाला ना, डॉक्टर." अहो, मी दातांचा डॉक्टर, कानांचा नाही!

एक बाई कोपऱ्यात बसून होती. साहेबांचं व्यंगचित्र काढलं म्हणून तिचा मुलगा आत आहे. मला राहवलं नाही. सचिवाला पुन्हा फोन केला. तो उडालाच — "त्याला कशी माफी देणार? त्याने गुन्हा केलाय!"

तिला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? फार वाईट वाटलं. नुसतंच म्हटलं, बघू या. ती बिचारी मलाच धन्यवाद देऊन गेली.

१२ मार्च, बुधवार

पूलवाला भाचा घरी टपकला. कडकडून मिठी मारली. "डॉक्टर, आपण आता एका घरचे!" मी रडकुंडीला येऊन सांगितलं, बाबा रे, मी खरंच काही केलेलं नाही. त्याचं तोंडच उतरलं. "काहीच नाही? अहो, मग वहिनी जातील नाही तर काय! केलेलं चालतं हो, लपवलेलं चालत नाही. एखादा गुन्हा सांगून टाका. हवा तर माझ्यातला घ्या, पुष्कळ पडलेत."

हाकलून दिला. पण घर खायला उठतंय. आई मधूनच माझ्याकडे बघते आणि उसासा टाकते.

१४ मार्च, शुक्रवार

मेहुण्याकडे गेलो. हिच्यासमोर बसलो आणि दिलं ठोकून — लोकांच्या सोन्याच्या दातांत मी वर्षानुवर्षं पितळ घालत आलोय!

"आणि बाई?"

"बाईबिई कोणी नाही गं. नुसतं पितळ."

ही तडक आरशासमोर गेली. आ वासून आपली सोन्याची दाढ न्याहाळून आली. "ही?"

"तुझी अस्सल! तुझ्या गळ्याची शपथ!" एवढं मात्र खरं होतं.

आधी रडली, मग हसत सुटली. "एवढंच होतं, तर त्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? मी मेली काय काय डोक्यात घेऊन बसले!" बॅग मलाच उचलायला लावली. जीव भांड्यात पडला. न केलेल्या गुन्ह्याने संसार वाचला!

१५ मार्च, शनिवार

आईला पितळेचं कळलं. "एवढंच होय?" म्हणाली. जरा नाराज दिसली.

१६ मार्च, रविवार

दुपारी ही शेजारी येऊन बसली. बराच वेळ पदराशी चाळा करत होती. मग म्हणाली, "तुम्ही मन मोकळं केलंत, आता मलाही राहवत नाही. साहेबांची दुसरी दाढ कधी काढायची आहे?"

म्हटलं, उद्याच. का गं?

"माझ्यासाठीही एक माफी आणा."

"कशाबद्दल?"

"आधी आणा. मग सांगते."